वीतभर आतडं: एका ऊसतोड कामगार बाईच्या क्रोन आजाराचं प्रकरण

हे प्रकरण तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या परवानगीने लिहितो आहे. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मी बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी फॅमिली डॉक्टर आहे. क्रोन म्हणजे आतड्यात वर्षानुवर्षं दाह होऊन जखमा पडत राहण्याचा आजार. शस्त्रक्रिया मी केली नाही आणि आजाराचं नावही मी शोधलं नाही. पण प्रत्येक निर्णयाच्या आधी हे कुटुंब माझ्या दवाखान्यात येऊन बसलं. त्यातल्या दोन वेळी मी चुकलो, ते खाली आहेच.

पार्श्वभूमी

ती तेव्हा 31 वर्षांची. नवरा-बायको मिळून एक कोयता. दसरा झाला की मुकादमाच्या टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यावर जायचं, चार-पाच महिने कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, काढायचे आणि उन्हाळा लागला की गावी परतायचं. दोन लेकरं. मोठी मुलगी कधी आजीजवळ, कधी फडावर, त्यामुळे शाळा अर्धवट.

दुखणं सुरू झालं ते उजव्या बाजूला, बेंबीच्या खाली. जेवलं की तासाभराने पोटात पीळ पडायचा, गुडगुड आवाज यायचा, गोळा फिरल्यासारखं व्हायचं. मध्येच जुलाब, मध्येच दोन-दोन दिवस काही नाही. फडात खाडा झाला की पैसे कापले जातात, म्हणून तिने तिचा उपाय शोधला होता: दिवसभर खायचंच नाही. पहाटे चहा, रात्री अर्धी भाकर. जोडीला मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या. त्या गोळ्या या आजारात आतड्याला आणखी त्रास देऊ शकतात, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. ती माझ्याकडे आली तेव्हा वजन 46 वरून 40 किलोवर आलं होतं.

सोनोग्राफीत लहान आतड्याचं शेवटचं टोक जाड दिसलं. दुर्बिणीने तपासणी केल्यावर लहान आणि मोठं आतडं जिथे जुळतं तिथे जखमा दिसल्या. तुकडा तपासला, त्यात दाहाच्या गाठी होत्या, पण क्षयाचे जंतू सापडले नाहीत. आपल्याकडे या जागी अशा जखमा दिसल्या की पहिला संशय आतड्याच्या क्षयाचा, आणि तो रास्तच असतो. क्षय आणि क्रोन हे दोन आजार याच जागी, जवळजवळ याच रूपात येतात. क्षयात दाह दाबणारी औषधं एकटी दिली तर जंतू उसळतात, म्हणून शंका असताना आधी क्षयाचं औषध देऊन बघण्याची पद्धत आहे. तिला सहा महिन्यांचा कोर्स सुरू झाला.

पण या पद्धतीला एक अट आहे. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून जखमा भरल्या का, ते बघायचं असतं. क्षय असेल तर बहुधा तोवर भरलेल्या दिसतात. तिला दुसऱ्या महिन्यात थोडं बरं वाटत होतं, वजन किलोभर वाढलं होतं. नवरा म्हणाला, "साहेब, फरक पडायलाय, मग पुन्हा नळी कशाला?" संभाजीनगरला जाऊन यायचं म्हणजे दोन दिवसांची मजुरी आणि एसटीचा खर्च. मी मान डोलावली. ही माझी पहिली चूक. थोडं बरं वाटणं आणि आतली जखम भरणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला माहीत होतं, तरी मी गप्प बसलो. कोर्सच्या शेवटच्या गोळ्या पिशवीत टाकून ती पुन्हा ऊस तोडायला गेली.

अडचण

जानेवारीत फडातच तिचं पोट फुगलं, हिरव्या उलट्या झाल्या, संडास आणि वारा दोन्ही बंद झाले. तिथल्या दवाखान्यात नाकातून नळी घालून, सलाइन लावून तीन दिवसांत पोट मोकळं झालं. हंगाम संपल्यावर संभाजीनगरच्या पोटविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. पुन्हा दुर्बीण केली. जखमा होत्या तशाच होत्या, आणि आतड्याचं तोंड इतकं आवळलेलं की नळी पुढे जाईना. सीटी स्कॅनमध्ये सुमारे 12 सेंटिमीटरचा भाग जाड आणि अरुंद दिसला. त्याच्या मागचं आतडं 4 सेंटिमीटरपर्यंत फुगलं होतं. निदान झालं: क्रोन.

प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या 40 मिलिग्रॅमवर आठवड्यात ती पोटभर जेवली. घरात आनंद झाला. पण डोस कमी करत 15 च्या खाली आणला की पीळ परत यायचा. सोबत प्रतिकारशक्ती आवरणारं अझाथायोप्रिन सुरू होतं, त्याचा परिणाम दिसायला तीन महिने तरी लागतात. जूनमध्ये एकदा आणि जुलैच्या सुरुवातीला एकदा आतडं अडलं. वजन 37. हिमोग्लोबिन 7.8. चेहरा स्टेरॉइडने गोल झालेला, म्हणून गावातल्या बायका म्हणायच्या, "अंग धरलंय की!" त्या वाक्याने तिला किती त्रास व्हायचा, हे तिने मला फार नंतर सांगितलं.

समोर असलेले पर्याय

स्टेरॉइड वाढवत नेणं हा खरं तर पर्यायच नव्हता, पण घरच्यांना तोच हवा होता, कारण त्याने बरं वाटलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. हाडं, साखर, जंतुसंसर्ग हे सगळं समजावलं. त्याहून महत्त्वाचं हे की दाहाने आलेली सूज स्टेरॉइडने उतरते, पण जुन्या जखमेचा व्रण होऊन आतडं आवळलं असेल तर ते कुठल्याच गोळीने सैल होत नाही.

दुसरा पर्याय अडालिमुमॅबसारखी, दाह पेटवणारं प्रथिन रोखणारी बायोलॉजिकल इंजेक्शनं. दर दोन आठवड्यांनी एक, 2 ते 8 अंश तापमानात ठेवायची. कोपीत वीज नाही, तिथे फ्रिज कुठून आणणार? इंजेक्शनने सुप्त क्षय जागा होऊ शकतो, ती काळजी वेगळी. खर्च महिन्याला हजारांच्या घरात. आणि मागचं आतडं फुगलेलं असताना इंजेक्शनने अडथळा सुटण्याची शक्यता कमीच होती.

फुग्याने आतडं रुंदावणं चार-पाच सेंटिमीटरपर्यंतच्या अडथळ्याला जमतं. तिचा अडथळा त्याच्या दुपटीहून लांब होता.

उरली शस्त्रक्रिया: खराब भाग आणि त्याला जोडलेलं मोठ्या आतड्याचं टोक काढून दोन निरोगी टोकं जोडणं. ती शेवटचा उपाय म्हणून सुचवली जात नव्हती, हे मला इथे आवर्जून सांगायचं आहे. नेदरलँड्स आणि ब्रिटनमधल्या 143 रुग्णांवरचा एक अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. आजार याच टोकापुरता मर्यादित होता आणि आतडं अजून आवळलेलं नव्हतं, अशा रुग्णांत एका गटाला इन्फ्लिक्सिमॅब हे त्याच जातीचं इंजेक्शन दिलं आणि दुसऱ्या गटाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया केली. वर्षाने दोन्ही गटांचं जगणं सारखंच सुधारलं होतं. पुढे पाचेक वर्षांच्या पाठपुराव्यात इंजेक्शनच्या गटातल्या जवळपास निम्म्या लोकांना शस्त्रक्रिया करावी लागली. शस्त्रक्रियेच्या गटात दुसऱ्यांदा आतडं काढायची वेळ कोणावर आली नाही. तिचं आतडं तर आवळलेलंच होतं, म्हणजे शस्त्रक्रियेचं पारडं आणखी जड.

वेळेचा प्रश्न मात्र खरा होता. नवऱ्याने मुकादमाकडून उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, घेतली होती. त्याचं म्हणणं, हा हंगाम उरकू आणि उन्हाळ्यात करू. मला भीती वेगळी होती. फडात पुन्हा आतडं अडलं, फाटलं, तर अनोळखी गावात रात्रीतून पोट उघडावं लागेल, तेही 37 किलोच्या, रक्त कमी असलेल्या, स्टेरॉइडवरच्या बाईचं. तीच शस्त्रक्रिया तयारी करून केली तर धोका कितीतरी कमी. आतडं पोटावर बाहेर काढून त्याला शौचाची पिशवी लावायची वेळही क्वचित येते.

पिशवीचा घोळ

जुलैच्या मध्याला सर्जनशी भेट झाली. त्यांनी नीट समजावलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "गरज पडली तर दोन-तीन महिने पिशवी लावावी लागेल." सोबत सासू होती. ती उठली, सुनेचा हात धरला आणि बाहेर पडली. तीन आठवडे कोणी फिरकलं नाही, फोनही उचलला नाही.

आमच्या भागात बायकांच्या तोंडी पिशवी म्हणजे गर्भाशय. ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 साली राज्यभर गाजला. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 82 हजार ऊसतोड बायकांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. ही सासू त्याच पिढीतली. तिशीतच तिचं गर्भाशय काढलं होतं. "पोटात गोळा" असं सांगूनच. आता सुनेच्या पोटात गोळा आणि डॉक्टरच्या तोंडी पिशवी. तिने जे ऐकलं ते तिच्या आयुष्यातून ऐकलं.

हे मला कळलं ते मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा. ती ओसरीवर तुरीची डाळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "डॉक्टर, पिशवी काढू द्यायची न्हाई. मही काढली तवापासून कंबर गेली ती गेलीच. आता हिची बी?"

दुसऱ्या दिवशी संभाजीनगरहून एसटीच्या पार्सलने शौचाची पिशवी मागवून घेतली आणि पुन्हा गेलो. मातकट रंगाची, तळहाताहून थोडी मोठी, मागे चिकटणारी गोल चकती. ती मी माझ्या पोटावर चिकटवली, तिच्यात तांब्याभर पाणी ओतलं आणि ओसरीवर फेऱ्या मारल्या. सासूने चकतीची कड नखाने उचकटून बघितली. निघेना. मग विचारलं, "म्हंजी ही बाहेरून लावायची? आतलं काय काढणार न्हाईत?" मी सांगितलं, गर्भाशयाला हातही लागणार नाही. आतडं काढायचं ते किती? माणसाचं लहान आतडं वीसेक फूट, तुमच्या लुगड्याहून थोडं कमी. त्यातलं खराब झालेलं एक वीत. तिने लुगड्याच्या काठावर अंगठा आणि करंगळी ताणून वीत धरली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली.

तरी निर्णय झाला नव्हता. नवरा उचलीचं बोलत होता, दीर योजनेच्या कागदांचं, सासू नवसाचं. जिचं पोट, तिला कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही. ही माझी दुसरी चूक. सगळ्यांना अंगणात बसायला सांगून मी तिला विचारलं, तुला काय हवंय? ती म्हणाली, "मला पोटभर भाकर खायची हाय. उलटी न होता. बाकी काय व्हायचं ते होऊ द्या." तिने बाहेर येऊन नवऱ्याला स्वतः सांगितलं. मुकादम चिडला, पण अर्ध्या उचलीची फेड पुढच्या हंगामावर गेली. नवऱ्याने भावाच्या जोडीने जायचं ठरलं.

तयारी

सहा आठवडे मिळाले. स्टेरॉइड हळूहळू 25 वरून 7.5 मिलिग्रॅमवर आणलं, कारण मोठ्या डोसवर शिवण सुटण्याचा आणि पू होण्याचा धोका वाढतो. लोह शिरेतून दिलं. डब्यातली पोषण पावडर परवडेल तेवढी, बाकी घरचं: गाळलेली पेज, मुगाच्या डाळीचं निथळ, ताक, उकडलेलं अंडं, मऊ भात. मेथी, हरभऱ्याची भाजी, शेंगदाणे, ठेचा बंद. चोथा अरुंद जागेत अडकतो. मिश्री सोडायला आठ दिवस लागले, चिडचिड झाली, पण सोडली. वजन 40 झालं, हिमोग्लोबिन 10.4, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन 2.6 वरून 3.3. पुन्हा आतडं अडलं नाही.

शस्त्रक्रिया आणि पहिले दिवस

घटस्थापनेच्या पंधरा दिवस आधी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून. लहान आतड्याचा 22 सेंटिमीटर भाग आणि मोठ्या आतड्याचं सुरुवातीचं टोक काढलं. पिशवी लागली नाही. सर्जनने निरोगी आतड्याची दोन सेंटिमीटरच कड घेतली. जास्त कापल्याने आजार परतायचा थांबत नाही, उलट आतडं मात्र कमी होतं.

दुसऱ्या दिवशी तिला चालवलं. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून रोज पोटावर इंजेक्शन होतं, कारण आतड्याच्या दाहाच्या रुग्णांत तो धोका जास्त असतो. सगळं सुरळीत असताना चौथ्या दिवशी पोट फुगलं आणि उलटी झाली. घरच्यांचा धीर सुटला, नवऱ्याने मला रात्री अकराला फोन केला: "फाटलं का साहेब?" ताप नव्हता, नाडी शांत होती, स्कॅनमध्ये गळती दिसली नाही. आतडं नुसतं झोपलं होतं. नाकातली नळी पुन्हा दोन दिवस. सहाव्या दिवशी वारा सरला, आणि वॉर्डात सासूने शेजारच्या खाटेवरच्यांना साखर वाटली. नवव्या दिवशी घरी.

घरी आल्यावर

जे आम्ही पुरेसं सांगितलं नव्हतं ते इथे समोर आलं. जखम भरत होती, पण रोज सहा-सात पाण्यासारखे जुलाब. तिला वाटलं आजार परत आला. घरच्यांना वाटलं शस्त्रक्रिया फसली. कारण वेगळं होतं. पित्तातले क्षार परत शोषून घेण्याचं काम आतड्याच्या त्याच टोकाचं. ते टोक गेलं की क्षार मोठ्या आतड्यात उतरतात आणि जुलाब होतात. हे क्षार धरून ठेवणारी कोलेस्टिरामाइनची पावडर सुरू केली. ती इतर गोळ्यांनाही धरून ठेवते, म्हणून बाकी औषधं तिच्या तासभर आधी घ्यायची. चार दिवसांत जुलाब दोन-तीनवर आले. बी12 जीवनसत्त्व शोषलं जातं तेही त्याच टोकात, म्हणून त्याची इंजेक्शनं कायमची.

पुढचा अवघड भाग, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड, हा की तिला छान वाटू लागलं. तिसऱ्या महिन्यात ती ज्वारीची भाकर आणि वरण पोटभर खात होती. मग गोळ्या कशाला? सासू विचारायची, "मुळासकट काढलं ना?" 1932 साली न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातल्या बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी 14 रुग्णांवरून या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा त्यांनाही वाटलं होतं की खराब भाग काढला की रुग्ण बरा. तसं होत नाही. आजार बहुधा जोडाच्या जागीच परततो, आणि आधी दुर्बिणीला दिसतो, पोटाला नंतर कळतो. म्हणून अझाथायोप्रिन चालू ठेवलं. त्यासाठी ठरावीक अंतराने पांढऱ्या पेशी तपासाव्या लागतात, त्या आमच्याच गावात होतात. मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक तीन महिने द्यायचं होतं. सहाव्या आठवड्यात पायाला मुंग्या आल्या म्हणून थांबवलं.

परिणाम

आठव्या महिन्यात दुर्बीण झाली. जोडाजवळ तीन बारीक छाले. आजार किती परतला ते सांगणाऱ्या शून्य ते चार या मोजपट्टीवर एक. औषध तेच ठेवलं. आज वीस महिने झाले. वजन 47, स्टेरॉइड बंद, एकदाही आतडं अडलेलं नाही. दोन हंगाम ती गावीच राहिली, कापूस वेचायला जाते. मोठी मुलगी दोन वर्षं सलग एकाच शाळेत आहे.

काय वेगळं करता आलं असतं

क्षयाच्या औषधाच्या दुसऱ्या महिन्यात मी दुर्बिणीचा हट्ट धरायला हवा होता. एसटीचं तिकीट मी काढून दिलं असतं तरी चाललं असतं. त्यात जवळपास वर्ष गेलं, आणि त्या वर्षात सूज कमी होऊन व्रण वाढला असणार. तेव्हा कळतं तर कदाचित औषधावर भागलं असतं. हे मी तिलाही सांगितलं आहे.

सर्जनच्या पहिल्या भेटीआधी पिशवी हा शब्द मी घरी सांगून ठेवायला हवा होता. आता मी पोटावरची शौचाची थैली म्हणतो, आणि नमुन्याची एक टेबलाच्या खणात ठेवतो. औषध लिहिताना ते कुठे राहील, हेही आधी विचारतो: घरात, कोपीत की ट्रॅक्टरच्या डब्यात.

शस्त्रक्रियेनंतरच्या जुलाबांबद्दल आधीच बोललो असतो तर ते चार घाबरलेले आठवडे टळले असते.

एक गोष्ट उशिरा केली, पण उपयोगी पडेल. मराठीत लिहिलेलं, प्लॅस्टिक लावलेलं कार्ड: आजाराचं नाव, काढलेला भाग, चालू औषधं, आणि खाली ठळक अक्षरांत, पोट फुगून उलट्या व वारा बंद झाल्यास तोंडाने काही देऊ नका, दुखण्याची डायक्लोफिनॅकसारखी औषधं टाळा, सर्जन असलेल्या रुग्णालयात पाठवा.

परवा आषाढात मुकादम उचल घेऊन दारात आला होता. नवऱ्याने पैसे न घेता त्याला बसवून ठेवलं आणि मला फोन लावला: औंदा ती येऊ शकेल का? जड मोळी डोक्यावर घ्यायची नाही, पाणी भरपूर लागणार, दर तीन महिन्यांनी रक्त तपासायला हवं, हे सगळं मी सांगितलं. मग फोन तिला द्यायला सांगितला. ती म्हणाली, आधी नळीची तपासणी होऊ द्या, मग सांगते. मागून सासूचा आवाज आला, तारीख कोणती ते विचार म्हणून.